गाडी नोकराची, काम पेढीचे. अपघात झाला तर भरपाई कोणाची?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, कोणत्याही कापडाच्या पेठेत सकाळी अकराच्या सुमारास उभे राहून पाहावे. पेढीचा गुमास्ता स्वतःच्या मोटारसायकलला सॅम्पलची पिशवी लटकवून दलालाकडे निघालेला असतो. कारखान्याचा फिटर मागाचा सुटा भाग आणायला शेजाऱ्याची स्कूटर मागून घेतो. चेक बँकेत टाकायला जाणारा पोरगा भावाची गाडी घेऊन जातो. माल जरा जास्त असला की नाक्यावरचा छोटा हत्ती ठरवला जातो. यापैकी एकही वाहन पेढीच्या नावावर नसते. म्हणून मालक निश्चिंत असतो. माझ्या नावावर गाडीच नाही, मग रस्त्यावरच्या अपघाताशी माझा काय संबंध, असे त्याचे म्हणणे असते.

संबंध आहे. गाडी कोणाच्या नावावर आहे हा एक प्रश्न झाला. गाडी कोणाच्या कामासाठी रस्त्यावर होती, हा दुसरा प्रश्न आहे, आणि कायदा तो तितक्याच गंभीरपणे विचारतो. नोकराने मालकाचे काम करताना हलगर्जीपणा केला व त्यातून तिसऱ्याचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई नोकराबरोबर मालकालाही द्यावी लागते, हे फार जुने तत्त्व आहे. मालकाची स्वतःची चूक काडीची नसली तरी ही जबाबदारी चुकत नाही. ज्याच्या फायद्यासाठी काम चालले होते, त्याने त्या कामाचा तोटाही सोसावा, असा त्यामागचा विचार आहे.

या बाबतीत १९४२ सालचा एक निकाल व्यापाऱ्यांनी ऐकून ठेवण्यासारखा आहे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे विरुद्ध लॉकहार्ट हा तो खटला. रेल्वे कंपनीचा एक सुतार कंपनीच्या कामासाठी स्वतःच्या मोटारीने निघाला आणि वाटेत त्याच्या हातून अपघात झाला. मोटारीचा विमा नव्हता. विमा नसलेली खाजगी गाडी कंपनीच्या कामाला वापरू नये, अशी लेखी नोटीस कंपनीने आधीच काढलेली होती. तरीसुद्धा प्रिव्ही कौन्सिलने कंपनीला जबाबदार धरले. सुतार काम कंपनीचेच करीत होता, ते करण्याची पद्धत तेवढी त्याने मनाई केलेली निवडली, असे त्या निकालाचे सार आहे. हिंदुस्थानची अपिलेही त्या काळी याच प्रिव्ही कौन्सिलपुढे जात असत. तेव्हा दुकानात “नोकरांनी आपल्या जबाबदारीवर गाडी चालवावी” अशी पाटी लावून मोकळे होणाऱ्यांनी या निकालाचा विचार करावा. अशी पाटी घरमालकाला दाखवायला ठीक, न्यायालयात तिचे वजन फारसे नाही.

दुसरा निकाल आपल्याच धंद्यातला आहे आणि आपल्याच मुलखातल्या रस्त्यावरचा आहे. रणजीत जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीचा मॅनेजर १८ डिसेंबर १९६० रोजी कंपनीची मोटार घेऊन कंपनीच्या कामासाठी नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाला होता. बरोबर एक गृहस्थ बसले होते. वाटेत अपघात होऊन ते गृहस्थ मरण पावले. आमच्या कामाशी या प्रवाशाचा काही संबंध नव्हता, मॅनेजरने त्याला आपल्या मर्जीने बसवले, असे कंपनीचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मॅनेजर कंपनीच्या कामावर होता, म्हणून कंपनी जबाबदार, असा निकाल लागला. त्या काळी भरपाई सुमारे ३१ हजार रुपये होती, आणि विमा कंपनीची जबाबदारी त्या पॉलिसीप्रमाणे १५ हजारांपुरतीच ठरली. उरलेला भार जिनिंग कंपनीवर पडला. अपघातापासून अंतिम निकालापर्यंत सोळा वर्षांहून अधिक काळ गेला, हेही नजरेआड करू नये.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नोकराने केलेली प्रत्येक गोष्ट मालकाच्या गळ्यात पडते असे नाही. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका टॅक्सीचे प्रकरण आले होते. मालकाने टॅक्सी ज्याला चालवायला दिली होती, त्याने ती लायसन्सच्या परीक्षेसाठी एका क्लीनरच्या हाती दिली आणि त्यात अपघात झाला. हे काम मालकाचे नव्हते, असे म्हणून बहुमताने मालकाला मोकळे केले गेले. म्हणजे गुमास्ता रविवारी बायकोमुलांना घेऊन माहेरी निघाला असेल तर पेढीचा संबंध नाही. पण दलालाकडे जाता जाता वाटेत चहाला थांबला, थोडा आडवाटेने गेला, तर “काम सुटले” असे म्हणणे अवघड जाते. हा वाद शेवटी पुराव्यावर ठरतो, आणि पुरावा म्हणजे काय, तर मोबाईलवरचा निरोप, चलन, बिलबुक आणि खिशात सापडलेले पेढीचे व्हिजिटिंग कार्ड.

रक्कम किती होते?

पुष्कळांची समजूत अशी की अपघातात माणूस गेला तर चार-पाच लाखांत मिटते. ही समजूत जुन्या काळची आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई कशी मोजतात ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या दोन निकालांत घालून दिले आहे. एक हिशेब मांडून पाहू. समजा रस्त्याने जाणारा तीस वर्षांचा एक यंत्रमाग कामगार गेला. महिन्याची कमाई १५ हजार. मागे बायको, दोन मुले आणि आई. चाळिशीच्या आत असल्यामुळे पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के धरतात, म्हणजे २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. अवलंबून चार माणसे असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, राहिले १ लाख ८९ हजार. त्या वयाला गुणक १७. गुणाकार ३२ लाख १३ हजार रुपये. त्यावर अंत्यविधी, कुटुंबाचा आधार गेल्याबद्दलची रक्कम वगैरे वेगळे, आणि दावा दाखल झाल्या तारखेपासूनचे व्याज वेगळे. मरणारा जर चांगल्या पगाराचा इंजिनिअर असेल तर आकडा कोटीवर जातो. तेव्हा चाळीस मागांचा कारखानदारही यात बसू शकतो, मग आठ-दहा मागवाल्याचे काय?

विमा असेल तर कोण देतो?

गाडी कोणाचीही असो, तिचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. मृत्यू किंवा शारीरिक इजेसाठी त्यात रकमेची मर्यादा नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा असते, दुचाकीला साधारण १ लाख, खाजगी मोटारीला साडेसात लाख. विम्याबाबत आपल्यात जे धार्मिक मतभेद आहेत ते उलेमांनी पाहावेत. थर्ड पार्टीचा विमा हा सरकारी कायदा आहे, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सी.सी. च्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये होता, कर वेगळा. बत्तीस लाखांच्या हिशेबापुढे हा आकडा ठेवून पाहावा.

खरी अडचण ही की नोकराच्या गाडीचा विमा चालू आहे की नाही, हे मालकाला माहीतच नसते. त्यात आणखी एक गोंधळ आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला थर्ड पार्टीचा विमा एकदम पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ही मुदत लांब असल्यामुळे ती संपल्याचे माणसाच्या ध्यानात राहत नाही. “माझा विमा लांबचा आहे” असे सांगणाऱ्या पोराची पॉलिसी प्रत्यक्षात मागेच बंद पडलेली असते. अशा वेळी अपघात झाला, तर ज्याच्याकडे देण्यासारखे काही आहे त्याच्याकडेच दावेदाराचा वकील पाहणार. गुमास्त्याकडे काय आहे? पेढी आहे ती मालकाची.

आता पॉलिसीतले बारीक अक्षर. खाजगी मोटार आणि दुचाकीच्या पॉलिसीत “वापराची मर्यादा” म्हणून एक कलम असते. भाड्याने देणे, शर्यती, आणि मालाची वाहतूक हे त्यात वगळलेले असते. पण मालाच्या बाबतीत एक सूट आहे, सॅम्पल आणि स्वतःचे सामान नेता येते. कापडवाल्यांसाठी ही सूट मोलाची आहे. शेड कार्ड, कापडाचे तुकडे, सॅम्पलचे पुस्तक घेऊन फिरणारा सेल्समन या कलमात बसतो. मात्र मागच्या सीटवर सहा ताके बांधून नेणारा बसत नाही. अपघातातल्या तिसऱ्या माणसाला देताना विमा कंपनीला एवढ्या कारणावर सहसा अंग काढता येत नाही, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला तिला चांगले निमित्त मिळते. एका एजंटाने मला “साहेब, सगळे कव्हर आहे” असे ठासून सांगितले होते. पॉलिसीचे हे पान काढून दाखवा म्हटल्यावर तो दोन दिवसांनी येतो म्हणाला. हे पान प्रत्येकाने एकदा स्वतः वाचावे, भाषा अवघड असली तरी दोनच परिच्छेद आहेत.

भाड्याचे कलम याहून कडक आहे. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी ओळखीवर भाड्याने घेण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. लग्नसराईत व्यापाऱ्याला सुरतेला नेण्यासाठी शेजाऱ्याची मोटार दिवसाला अमुक रुपयांनी ठरते. हा “भाडे अथवा मोबदल्यासाठी वापर” झाला, आणि हे कारण कायद्यानेच विमा कंपनीला बचाव म्हणून दिलेले आहे. न्यायालय अशा वेळी पुष्कळदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावते आणि मग गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे जखमीचे काम होते, वसुलीची नोटीस मात्र गाडीमालकाच्या घरी येते. नोकराची गाडी असेल तर ती त्या गरिबाच्याच नावे येईल. म्हणून पेढीच्या वहीत नोकराला खरोखर पेट्रोलचा खर्च दिला असेल तर “पेट्रोल खर्च” असेच लिहावे, “गाडी भाडे” असे मोघम लिहू नये. आणि खरोखर दरमहा भाडे देत असाल, तर ती गाडी परवान्याच्या वाहनांत नोंदवून घेणे हाच मार्ग आहे. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या परवान्याच्या मोटारींना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. तशीच घ्यावी.

लायसन्सचा प्रश्न

विमा आहे पण चालवणाऱ्याचे लायसन्स नाही किंवा खोटे आहे, असे झाले तर? २००४ च्या स्वर्णसिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लायसन्स नसणे एवढेच दाखवून कंपनीला सुटता येणार नाही, मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे तसे होऊ दिले हे तिने सिद्ध करावे. त्याआधी २००३ मध्ये लेहरू प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते की मालकाने ड्रायव्हरचे लायसन्स पाहिले, ते खरे दिसले आणि त्याला गाडी चालवता येते याची खात्री केली, तर आर.टी.ओ. कडे जाऊन चौकशी करण्याची अपेक्षा त्याच्याकडून नाही. ही दोन्ही प्रकरणे मालकाच्या बाजूची आहेत, परंतु त्यांचा आधार घ्यायला “मी पाहिले होते” याचा काही कागद हवा.

टेम्पोवाल्यांना दिलासा देणारा एक निकाल ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिला. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला ड्रायव्हर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, त्यासाठी लायसन्सवर वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. पूर्वी याच मुद्द्यावर अनेक क्लेम अडत असत.

अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती गाडी देणाऱ्यांसाठी मात्र काही दिलासा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते. आपल्या बाजारात “जा रे, जरा गठडी टाकून ये” म्हणून ज्यांना पाठवले जाते, त्यातल्या कितीकांना मिसरूडही फुटलेले नसते.

भाड्याचा टेम्पो

नाक्यावरून एका फेरीसाठी ड्रायव्हरसह टेम्पो ठरवला, तर साधारणपणे जबाबदारी टेम्पोमालकाची व त्याच्या विमा कंपनीची. तुम्ही गिऱ्हाईक आहात. पण तोच टेम्पो महिनोन्महिने तुमच्याकडे लावलेला असेल, कुठे जायचे, केव्हा जायचे, काय भरायचे हे सर्व तुमचा मुनीम ठरवत असेल, तर चित्र बदलते. राजस्थान राज्य परिवहन महामंडळाने खाजगी मालकाची बस ड्रायव्हरसह भाड्याने घेतली होती. त्या बसच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महामंडळालाच जबाबदार धरले, कारण गाडीवर प्रत्यक्ष ताबा आणि हुकूम त्याचा होता. पुढे २०११ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या कुलसुम प्रकरणात न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. गाडीचा ताबा महामंडळाकडे गेला तसे तिच्या विम्याचे संरक्षणही तिच्याबरोबर गेले, म्हणून विमा कंपनीने पैसे द्यावेत, असे ठरले. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे. महिन्यावर टेम्पो लावताना त्याची पॉलिसी आणि परमिट पाहणे हे टेम्पोवाल्याचे काम आहे तसे तुमचेही आहे. २०१८ मध्ये अमृतपाल सिंग प्रकरणात परमिट नसलेल्या ट्रकच्या बाबतीत कंपनीने पैसे भरून मालकाकडून वसूल करावेत असे ठरले होते.

मालाबरोबर माणूस बसवण्याबद्दलही सांगतो. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी बसला असेल तर तो सक्तीच्या विम्यात येतो. फुकट बसवलेला पाहुणा येत नाही, हे आशा राणी प्रकरणाने पक्के झाले आहे. तेव्हा ताक्यांबरोबर गुमास्ता जात असेल तर चलनावर त्याचे नाव लिहावे. एका ओळीचे काम आहे.

जुना टेम्पो विकत घेऊन नाव बदलून न घेण्याची खोडही इथेच सांगावी लागेल. २०१८ च्या नवीनकुमार निकालाप्रमाणे आर.टी.ओ. च्या दप्तरात ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. विकणाऱ्याने तर पहिल्याच दिवशी हे काम उरकावे.

नोकर स्वतः जखमी झाला तर

आतापर्यंत तिसऱ्या माणसाचे झाले. काम करताना नोकरालाच इजा झाली तर मालकाची जबाबदारी वेगळ्या कायद्याने येते, आणि तिथे मालकाची चूक दाखवावी लागत नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता त्याच्या जागी आली. मृत्यू झाल्यास पगाराच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणून भरपाई काढतात. तरुण कामगाराच्या बाबतीत ती काही लाखांत जाते. गाडी नोकराची स्वतःची होती, हे इथे कामाचे उत्तर नाही.

घरून कामावर येतानाचा अपघात यात धरावा का, हा जुना वाद होता. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी स्वतःच्या मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. भरपाई मंजूर झाली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि अखेर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विधवेच्या बाजूने निकाल दिला. वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर येण्याजाण्यातला अपघातही कामातलाच, असे त्यात ठरले. नव्या संहितेतही हेच आहे. रात्रपाळीला कामगार बोलावणाऱ्या कारखानदारांनी याची नोंद घ्यावी. ज्यांचे कामगार ई.एस.आय. त आहेत त्यांचा बोजा ती योजना उचलते. ज्यांचे नाहीत त्यांनी कामगार भरपाईची पॉलिसी घ्यावी. ती माणसांच्या संख्येवर आणि पगारावर निघते, गाडीवर नाही. हप्ता वाचवण्यासाठी पंधरा माणसांऐवजी सहाच माणसे दाखवली, तर सातव्याच्या वेळी कंपनी मस्टर मागते.

अमेरिकेत दुकानदार नोकराच्या आणि भाड्याच्या गाड्यांसाठी वेगळे संरक्षण विकत घेतात, मूळ गाडीचा विमा कमी पडला तर ते कामाला येते. आपल्याकडे छोट्या व्यापाऱ्याला असे तयार पाकीट सहजासहजी मिळत नाही. एजंट त्याऐवजी “पब्लिक लायबिलिटी” पुढे करतात. पण ती दुकान-कारखान्याच्या जागेवरील अपघातांसाठी असते आणि मोटारीची जबाबदारी तिच्यात साधारणतः वगळलेली असते. तेव्हा आपल्याला आधार गाडीच्याच पॉलिसीचा.

म्हणून पेढीत एक वही ठेवावी. कामासाठी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचे लायसन्स, गाडीचे नोंदणीपत्र आणि पॉलिसी यांची छायाप्रत त्यात लावावी, मुदतीची तारीख लाल शाईने लिहावी. सरकारच्या परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा चालू आहे की नाही ते दिसते, लायसन्सही तपासता येते. नोकराला विम्याचा हप्ता जड जात असेल तर पेढीने भरावा, पगारातून कापू नये. पेढीची स्वतःची मोटार असेल तर पॉलिसी काढतानाच पगारी ड्रायव्हर आणि गाडीतून जाणारे इतर नोकर यांच्यासाठी माणशी थोडा जादा हप्ता भरून घ्यावा. ही रक्कम इतकी किरकोळ आहे की एजंट ती आपण होऊन सुचवत नाही. मालक चालकासाठी जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो भागीदारी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावरील गाडीला मिळत नाही. भागीदारांनी तो आपापल्या नावाने वेगळा काढावा.